जागे राहण्याची तालीम

गाणे ऐकायला जाण्याची जेवढी तयारी आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यभर केली तेवढी गाणाऱ्यांनीही केली नसेल, आणि गाणे सुरू झाल्यावर ते जितके गाढ झोपत तितके गाढ मराठवाड्यात कोणी स्वतःच्या घरीही झोपले नसेल. ही दोन्ही विधाने मी तपासून करतो आहे. पहिल्याला मी स्वतः साक्षी आहे. दुसऱ्याला आमच्या शहरातल्या उन्हाळी संगीत महोत्सवाचे बहुतेक श्रोते, दोन तबलजी आणि एक लाउडस्पीकरवाला साक्षी आहेत.

मामेसासरे म्हणजे माझ्या पत्नीचे सख्खे मामा. घरात सगळे त्यांना मामाच म्हणत, मीही म्हणत असे. ते मला जावईबापू म्हणत आणि हा शब्द सहसा एखादे काम सांगण्यापूर्वी उच्चारत. मूळ घर वैजापूर तालुक्यातले, शेतकऱ्याचे. जमीन भावांकडे ठेवून मामा शहरात भूमिअभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून लागले आणि पुढे पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधून राहिले. निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते तिसरीत होते. तिसरीपर्यंतचे शिक्षण उर्दूत आणि चौथीपासूनचे मराठीत झाल्यामुळे ते पाढे उर्दूत म्हणत आणि शिव्या मराठीत देत. सगळी नोकरी त्यांनी लोकांच्या शेतांतून तेहेतीस फुटी साखळी ओढण्यात घालवली. जगात जे काही आहे त्याला चारही बाजूंनी हद्द असते, आणि ती दाखवता येत नसेल तर मालकाचे कुठेतरी चुकते आहे, ही त्यांची श्रद्धा होती. संगीतालाही त्यांनी हाच नियम लावला होता. एकदा मालकंस गाऊन खाली उतरलेल्या एका तरुण गायकाला त्यांनी पायऱ्यांपाशीच गाठले. "गाणं लई बेस झालं," ते म्हणाले, "पण रिषभ आन् पंचम, दोन्ही पडीक ठेवले तुम्ही." गायकाने नम्रपणे सांगितले की मालकंसात हे दोन स्वर नसतातच. मामांचा चेहरा गंभीर झाला. "नसतात म्हंजे? जागा तर हाय ना? मंग पेरत का नाय?" तो गायक पुन्हा कधी आमच्या शहरात आला नाही. त्याचे कारण हेच होते असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही.

खरे तर गाणे मामींना कळत असे. त्या कुठे शिकल्या नव्हत्या, पण कान तयार होता, आणि महोत्सवाला जायचे हे मूळ त्यांच्यामुळे ठरले होते. मामा सोबत म्हणून गेले आणि सोबत म्हणूनच जात राहिले. फक्त तयारीचे खाते हळूहळू त्यांच्याकडे आले. महोत्सव मे महिन्यात असे. दोन संध्याकाळी आणि तिसऱ्या दिवशी पहाटेची बैठक. मामांचा महोत्सव संक्रांतीला सुरू होई. महोत्सव समितीचे चिटणीस पेशाने दंतवैद्य होते. संक्रांत झाली की मामा दर आठवड्याला त्यांच्या दवाखान्यात जाऊन, गाल धरून बसलेल्या माणसांच्या रांगेत आपला नंबर लावत. आत गेल्यावर डॉक्टर सवयीने म्हणत, "आ करा." मामा म्हणत, "दाढ ठीक हाय. तारखा काढल्या का?" मार्चमध्ये दोन पांढरे नेहरू शर्ट आणि धोतरे इस्त्रीला जात. एप्रिलमध्ये छागल, म्हणजे मोजणीच्या दिवसांतली ती जाड कापडाची पाण्याची पिशवी, माळ्यावरून खाली येई आणि गळते का हे पाहण्यासाठी तीन दिवस खिडकीला टांगलेली राही. वाळ्याचा पंखा, लोड, सतरंजीवर घालायची स्वतःची चादर, आणि मामींनी केलेले मेथीचे लाडू. मेथीचे लाडू मे महिन्यात कोणी खात नाही हे मामींनी अनेकदा सांगून पाहिले. "तीन तास बसायचं म्हंजे कंबर धरती," असे उत्तर मिळे.

या तयारीचा कळस म्हणजे मैदानाची मोजणी. महोत्सव एका महाविद्यालयाच्या मैदानावर होई. मांडव पडण्याच्या आठवडाभर आधी मामा तिथे टेप घेऊन जात. रंगमंचाच्या मध्यापासून एक साखळी सरळ आणि तिथून चार फूट डावीकडे, एवढ्या जागेत आवाज सगळ्यात स्वच्छ येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तिथे ते चुन्याची खूण करून एक खुंटी ठोकून येत. एका वर्षी टेपचे दुसरे टोक धरायला मला नेले. रखवालदाराने लांबून पाहिले, मामांचा खाकी टोप पाहिला, चुना पाहिला आणि विचारले, "साहेब, रस्ता काढायचा हाय का इथून?" मामा आकडे लिहीत होते. ते एवढेच म्हणाले, "अजून काय सांगता येत नाय." दुपारपर्यंत ही वार्ता प्राचार्यांपर्यंत गेली. संध्याकाळी मी आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत बसलो असताना फोन आला की, महाविद्यालयाच्या मैदानाची सरकारी मोजणी झाली आहे, दोन माणसे होती, त्यांपैकी चष्मेवाला संशयास्पद दिसत होता. चष्मेवाला मी होतो. आम्ही ती बातमी घेतली नाही. शेजारच्या दैनिकाने दोन कॉलम घेतली. प्राध्यापकांनी काळ्या फिती लावल्या. मामांनी ते दैनिक बाजूला ठेवले आणि म्हणाले, "मोजणी बरोबर हाय, बातमी चूक हाय." वृत्तपत्रांविषयी इतके नेमके मत मी त्यानंतर ऐकलेले नाही.

एवढे करून, खुंटीपाशी चादर अंथरून, लोडाला टेकून मामा बसत आणि तानपुरे जुळेपर्यंत झोपी जात. ही डुलकी नसे. मान आधी उजवीकडे जाई, मग हनुवटी छातीवर येई, आणि विलंबित लयीत घोरणे सुरू होई. मामी शेजारी असत. समेच्या थोडे आधी त्या मामांच्या दंडाला चिमटा काढीत, मामा डोळे न उघडता "वाह" म्हणत, सम गाठली जाई आणि मामा पुन्हा झोपत. आसपासच्या लोकांत मामांचा चोखंदळ रसिक म्हणून लौकिक होता. पुढे मामी गेल्या. थंडीत गेल्या, आठ दिवसांच्या आजाराने. त्या मे महिन्यात मामा महोत्सवाला येतील असे कोणाला वाटले नव्हते. पण ते आले, सगळी तयारी करून आले, लाडूसुद्धा विकत आणले होते. फक्त चिमटा काढणारे कोणी नव्हते.

तिसऱ्या दिवशी पहाटे एक वयोवृद्ध गायिका गाणार होत्या. पूर्वी रेडिओवर त्यांचे नाव मोठे होते. आमच्या शहरात त्या प्रथमच येत होत्या. त्यांनी आलाप सुरू केला आणि चार-पाच मिनिटांत मामांनीही सुरू केला. बाईंनी काही वेळ सहन केले. मग त्या थांबल्या, समोर पाहिले आणि शांतपणे माइकमध्ये म्हणाल्या, "हा तिसरा तानपुरा कोणी लावलाय?" सगळा मांडव हसला. हसण्याने मामा जागे झाले, गाणे संपले असे समजून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवणारे आपण एकटेच आहोत हे लक्षात आल्यावर उठले, चादर उचलली आणि निघून गेले. लोड तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात आलेल्या परीक्षणात त्या बैठकीचा वृत्तांत होता आणि बाईंनी शेवटी रेडिओच्या काळातली आपली जुनी भैरवी गायली, असे तिच्या पहिल्या शब्दांसह छापले होते. मामांनी ते कात्रण कापून ठेवले. परीक्षणात "एका श्रोत्यामुळे आलेला व्यत्यय" असाही उल्लेख होता. कात्रण त्यासाठीच कापले असावे, असे मला वाटले.

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर मामा दवाखान्यात गेले तेव्हा दंतवैद्यांनी त्यांना आ करायला सांगितले नाही. आपली खुर्ची सोडून डॉक्टर स्वतः स्टुलावर बसले. समितीचा निर्णय होता की मामांनी यंदा मागच्या भागात, खुर्च्यांवर बसावे. त्याच बाई पुन्हा येणार होत्या. "तुम्ही आमचे सगळ्यात जुने श्रोते," डॉक्टर म्हणाले, "पण मामा, बाईंना काय तोंड दाखवायचं आम्ही?" मामा बसल्या जागी पुढे सरकले. मग म्हणाले, "पहिले दोन दिवस कुठंबी बसवा. रस्त्यावर बसवा. पण तिसऱ्या दिवशी पहाटं मला माझ्या जागेवर पाहिजे." शेवटी तह झाला. पहिल्या दोन संध्याकाळी मामांनी मागे बसायचे. समितीचे एक सभासद, जे बँकेत रोखपाल होते, ते मामांवर लक्ष ठेवतील. दोन्ही दिवस डोळा लागला नाही, तर तिसऱ्या पहाटे जागा परत. एकदाही लागला, तर घरी. मामांनी हे कागदावर लिहून मागितले. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिले.

त्या उन्हाळ्यात पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्यांत जे चालले त्याला तालीम हाच शब्द आहे. मामांनी परीक्षेसाठी सगळ्यात कठीण वेळ निवडली, दुपारचे दोन. आमरसाचे जेवण झाल्यावर, पंखा बंद करून, ते टेपरेकॉर्डरवर विलंबित ख्याल लावीत आणि समोर बसत. पहिल्या आठवड्यात पाय गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून पाहिले. त्याने झोप अधिक चांगली लागली. मग हातात किल्ल्यांचा जुडगा धरायचा प्रयोग झाला, म्हणजे डोळा लागताच तो खाली पडून आवाज होईल. जुडगा पडे, शेजारी जागे होत, मामा झोपलेले असत. माझी पत्नी एकदा डबा घेऊन गेली तर मामा भिंतीला पाठ लावून उभे होते आणि उभ्यानेच घोरत होते. "मामा, अहो पडाल ना!" ती ओरडली. मामा दचकून म्हणाले, "व्हय व्हय, अंतरा चालूय." शेवटी हिरव्या मिरचीचा शोध लागला. दर दहा मिनिटांनी मिरचीचा एक चावा. या उपायाने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मामा एक संपूर्ण कॅसेट, दोन्ही बाजू, जागे राहून ऐकू शकले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "इतकं लांबवतेत व्हय हे लोक? मला वाटायचं लौकर उरकतंय."

महोत्सवाला आठ दिवस राहिले तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना खुलताबादला चलण्याचा हुकूम केला. खुलताबाद शहरापासून पाऊण तासावर आहे आणि तिथे दगड उचलला तरी खाली आख्यायिका निघते. मामांनी त्या भागात मोजण्या केल्या असल्यामुळे त्यांना त्या सगळ्या ठाऊक होत्या. एकेका जागेच्या तीन-तीन ठाऊक होत्या आणि तिन्ही ते सारख्याच खात्रीने सांगत. एसटी दौलताबादच्या किल्ल्याखालून गेली तेव्हा, दिल्लीच्या सुलतानाने सगळी राजधानी इथे आणली आणि पुन्हा परत नेली, ही गोष्ट त्यांनी शेजारच्या प्रवाशाला ऐकवली. "कशामुळं फसलं सांगा," मामा म्हणाले. प्रवाशाने पाण्याचे कारण सांगितले. "नाय. आधी मोजणी करायला पाहिजे होती. मोजणी न करता गाव हलवलं की असं व्हतं."

मामांना मुळात जायचे होते ते तिथल्या मारुतीकडे. हा मारुती आडवा आहे. एक राजा रामाचे भजन गात होता, ते ऐकायला मारुती आला, ऐकता ऐकता त्याला भावसमाधी लागली आणि तो तिथेच पहुडला, अशी कथा आहे. आठवड्यातला मधला वार होता, गर्दी नव्हती. दर्शन घेऊन मामा पुजाऱ्यांशी बोलायला उभे राहिले.

"म्हंजे भजन चालू असताना झोपले हे?"

"झोपले नाही म्हणायचं काका. भावसमाधी," पुजारी म्हणाले.

"राजानं भजन थांबवलं का?"

"नाही. कशाला थांबवील?"

"माइकमधून काय बोलला का?"

पुजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. "आणि मागं खुर्चीवर तर नाय ना बसवलं ह्यांना?" मामांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा हात जोडून म्हणाले, "देवा, तुमचं झालं ते झालं. तीन दिवस तुम्ही झोपा. मला जागं ठेवा." माझ्या पत्नीने पदर तोंडाशी धरला होता. ती हसत होती हे मला खात्रीने सांगता येईल.

तिथून आम्ही गावातल्या एका दर्ग्यात गेलो. या दर्ग्याच्या फरशीतून एके काळी चांदीचे अंकुर फुटत असत, असे सांगतात. मामांना ती जागा पुन्हा एकदा पाहायची होती. आवारात चिंचेच्या सावलीत एक म्हातारे सेवेकरी बसले होते. त्यांनी आम्हाला मटक्यातले पाणी दिले आणि बसायला सांगितले. मामांनी चांदी किती बोटे वर येत असे याची चौकशी केली. त्यांनी बोटाने माप दाखवले, मामांनी मान हलवली. असे दोघांचे जमले. मग बोलता बोलता मामांनी विचारले, झोप न येण्यासाठी काही दुवा, काही ताईत मिळतो का.

म्हातारे हसले. "लोगां इधर नींद मांगने कू आते. तुम नींद उडाने कू आए क्या?"

"घर में तो उडीच हुई है जनाब," मामा म्हणाले. "देढ बरस हो गया. आँख नई लगती."

"फिर?"

"गाने में लग जाती."

हे आम्हाला माहीत नव्हते. मिरची आणि घमेले ज्यांनी पाहिले होते त्यांनी रात्रीची विचारपूस केली नव्हती. माझी पत्नी म्हणाली, "मामा, मला कधी बोलला नाहीत."

"तो सो जाओ ना मियाँ," म्हातारे म्हणाले. "जिधर आती उधर सो जाना. क्या जाता किसी का?"

"इस बार नई. इस बार सुनना है," मामा म्हणाले, आणि मग आमच्याकडे वळून, जणू आम्हीच विचारले आहे असे, मराठीत सांगू लागले. मामी लग्न होऊन आल्या तेव्हापासून सकाळी पीठ चाळताना एकच गाणे गुणगुणत. माहेरी शेजाऱ्यांच्या रेडिओवर दोनदा ऐकलेले, याच बाईंच्या आवाजात. छत्तीस वर्षे रोज. बाई कधीतरी आपल्या गावाला येतील आणि समोर बसून ते ऐकायला मिळेल, असे त्या म्हणत. बाई आल्या, पण मामी थंडीतच गेल्या होत्या. "म्हणलं, आपण ऐकू तिच्या वतीनं," मामा म्हणाले. "तर मी तिसरा तानपुरा झालो. आन् बाईंनी शेवटी तेच म्हणलं. तुमच्या पेपरात आलं ना, जावईबापू. मी तवा रिक्षात व्हतो."

त्या कात्रणाविषयी माझा अंदाज चुकला होता, एवढे मी इथे नोंदवतो. म्हाताऱ्या सेवेकऱ्यांनी ताईत दिला नाही. त्यांनी मामांच्या डोक्यावर मोरपिसांचा कुंचा फिरवला आणि म्हणाले, "जागते रहो." मामांनी तो आशीर्वाद समजून टोपी काढली.

महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी मामा शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसले. शेजारी रोखपाल. खिशात मिरच्या. सतार झाली, एक ख्याल झाला, मामा ताठ होते. रोखपालांनाच दोनदा डुलकी आली आणि दोन्ही वेळा मामांनी त्यांना कोपराने उठवले. दुसऱ्या संध्याकाळी बासरी होती. वादक उतारवयाचे आणि फार हळवे. मैदानावर दिवे मोठे असल्याने मागच्या रांगेतले चेहरेही त्यांना दिसत होते. मामांच्या खिशातल्या मिरच्या त्या दिवशी बाजारातल्या दुसऱ्या ढिगातल्या होत्या. आलाप रंगत गेला तसतशा मामांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. नाक लाल झाले, ओठ थरथरू लागले, त्यांनी दोन्ही हात हवेत हलवले. बासरीवाल्यांनी ते पाहिले आणि लय धरून जोड सुरू करायच्या जागी पुन्हा आलापावर आले. वीस मिनिटे अधिक वाजवले. कार्यक्रम संपल्यावर ते रंगमंचावरून उतरून थेट शेवटच्या रांगेत आले आणि मामांचे हात हातात घेऊन म्हणाले, "आप जैसे सुनने वाले अब कहाँ." मामांना बोलता येत नव्हते. त्यांनी छागल तोंडाला लावली. दंतवैद्यांनी हे सगळे पाहिले आणि तिथल्या तिथे तिसऱ्या पहाटेची परवानगी दिली.

तिसऱ्या दिवशी उजाडण्याच्या सुमारास आम्ही तिघे पुढच्या जागी बसलो. मामांनी नवा नेहरू शर्ट घातला होता आणि मिरच्या आणल्या नव्हत्या. "आज कशाला?" ते म्हणाले. बाई आल्या, तानपुरे जुळले. त्यांनी समोर नजर टाकली, मामांवर ती क्षणभर थांबली, आणि त्या काही न बोलता गाऊ लागल्या. मी मामांकडे पाहत राहिलो, कारण गाण्यातले मला फारसे कळत नाही. दोन तास ते हलले नाहीत. मान उजवीकडे गेली नाही. मांडवाच्या कनातीवर ऊन आले तेव्हा बाईंनी पदर सावरला आणि भैरवी सुरू केली. पहिले शब्द परीक्षणात छापले होते तेच होते. मामांनी माझ्या पत्नीचा हात धरला.

पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला मामांच्या कपाळावर आठी आली. ते पुढे वाकले. ती ओळ बाईंनी पुन्हा घेतली, वेगवेगळ्या तऱ्हेने घेतली, आणि दर वेळी मामा कान एका बाजूला करून, काहीतरी यायचे राहिले आहे असे ऐकत होते. अंतरा झाला, पुन्हा मुखडा आला, गाणे संपले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मामा बसून होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे असं नाय."

"बाईंचं चुकलं?" मी विचारले.

"बाईंचं कसं चुकंल? त्यांचंच गाणं." ते रंगमंचाकडे पाहत म्हणाले, "आमच्याच घरी चुकलेलं व्हतं. छत्तीस वर्षं चुकीचं म्हणत व्हती ती." आणि ते हसले. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "दोनदा ऐकलेलं, काय लक्षात राहणार? मधलं तिनं तिच्या मनानंच घातलं असंल." मग हसणे थांबले. "म्हंजे ते आता कुठंच ऐकाया मिळायचं नाय."

मांडव रिकामा होत होता. सतरंज्या गुंडाळणारी माणसे आमच्या जवळ येऊन, आम्ही उठण्याची वाट पाहत थांबली. माझी पत्नी म्हणाली, "मामा, मामी कसं म्हणायची ते म्हणून दाखवा ना."

मामांनी आयुष्यात कधी गाणे म्हटले नव्हते. आरतीतही ते फक्त टाळ्या वाजवीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, घसा साफ केला, मांडी नीट घातली आणि म्हणायला लागले. सूर नव्हता. एकाच पट्टीत, एकामागून एक शब्द येत होते, पाढे म्हणावेत तसे. दुसऱ्या ओळीत, जिथे बाई खाली आल्या होत्या तिथे, मामांचा आवाज होता तिथेच राहिला. पण त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला आणि थोडा वेळ वरच थांबला. त्यांनी डोळे मिटले होते.

मामी त्या ठिकाणी वर जात असत, एवढे आम्हाला कळले. बाकीचे फक्त त्यांना ऐकू येत होते.